दाराशी दिलेली जागा

जुन्या देवळाच्या दाराशी एखादा प्राणी कोरलेला दिसला, की त्याला राखणदार म्हणून आपण मोकळे होतो. माहितीचा फलक तेच सांगतो, वाटाड्या तेच सांगतो, सहलीला आलेल्या पोरांना गुरुजीही तेच सांगतात. म्हणणे इतके सोयीचे आहे, की त्याला कोणी उलट प्रश्न करत नाही. पण खानदेशातली जुनी देवळे आणि त्यांच्या शेजारची लेणी एकापाठोपाठ नजरेखालून घातली, तर हे म्हणणे पहिल्याच उंबऱ्याला अडखळते. राखण करायची ती कोणापासून? चोरापासून म्हणावे, तर त्यासाठी दाराला कडी-कुलूप होते आणि आवारात गुरव होता. फौजेपासून म्हणावे, तर पायाच्या पातळीवर कोरलेले वीतभराचे दगडी तोंड कोणत्या फौजेला अडवणार? अ‍ॅसिरियाच्या दुसऱ्या सारगोनने इसवी सनापूर्वी आठव्या शतकात खोर्साबादच्या दरवाजांत माणसाच्या तोंडाचे, पंखांचे बैल उभे केले. ते चार मीटरांहून उंच आहेत आणि त्यांच्या पायांमधून जाणाऱ्याची मान आपोआप खाली जावी अशीच त्यांची मांडणी आहे. तिथे धाक घालण्याचा हेतू उघड आहे. आपल्याकडच्या दारांवरचे पशू मात्र बहुधा लहान, दुय्यम जागेवर बसवलेले, कधी ओझे वाहणारे, कधी गुडघे टेकलेले, आणि कित्येकदा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली येतील असे आहेत. पहारेकऱ्याला अशी जागा कोणी देत नाही.

मला वाटते, या पशूंना पहाऱ्यावर नेमलेलेच नाही. ज्याची भीती होती, किंवा देऊळ उभे राहण्याआधी ज्याची ती जागा होती, त्यालाच देवाने आपल्या दाराशी बसायला जागा करून दिली आहे. पहाऱ्याऐवजी इथे तह झालेला आहे. त्या तहाच्या खुणा खानदेशात आणि खानदेशच्या सीमेवर इतक्या ठिकाणी सापडतात, की एकेक तपासून पाहायला हव्यात.

आधी देवळांच्या दारांची घडण. चाळीसगाव तालुक्यातल्या वाघळीचा शिलालेख शके ९९१ चा, म्हणजे इसवी सन १०६९ चा आहे. त्याच तालुक्यातल्या पाटण्याचा, निकुंभ घराण्यातल्या गोवनाच्या काळचा लेख शके १०७५ चा, म्हणजे ११५३ चा आहे. (पाटण्याचे नाव निघाले की भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी चांगदेवाने काढलेल्या मठाची आठवण निघते, ते रास्तच आहे. भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणलेला तो लेख मराठीच्या अभ्यासकांनाही मोलाचा आहे. फक्त त्या लेखाच्या दिपवण्यात देवळांच्या दारांकडे पाहायचे राहून जाते.) धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बळसाण्याची देवळे याच घडणीची. या सगळ्यांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री पंडित मात्र तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले, म्हणजे वाघळीचा लेख कोरला गेला तेव्हा त्यांच्या जन्माला दीडशे वर्षांहून अधिक अवकाश होता. या पद्धतीच्या देवळाच्या जोत्यावर थरांवर थर चढतात. त्यांत एका थरावर नुसती ग्रासमुखे ओळीने कोरलेली असतात, ती ग्रासपट्टी. कुठे हत्तींचा गजथर येतो. दाराच्या बाजूच्या शाखांवर व्याल असतात, म्हणजे सिंहाचे धड आणि तोंड हवे त्याचे: हत्तीचे, मेंढ्याचे, पोपटाचे, कधी माणसाचे. शाखांच्या तळाशी मकरावर गंगा आणि कासवावर यमुना. आणि खाली उंबऱ्यावर, मधल्या अर्धगोलाच्या दोन अंगांना, डोळे वटारलेली, दात विचकलेली, खालचा जबडाच नसलेली दोन तोंडे. ती कीर्तिमुखे.

कीर्तिमुखाची पुराणकथा पुष्कळांना ठाऊक असते, पण ती या अंगाने वाचली जात नाही. जालंधर दैत्याने राहूला शिवाकडे धाडले आणि पार्वतीची मागणी केली. शिवाच्या कोपातून एक भयंकर, हाडे दिसणारा, भुकेने वखवखलेला प्राणी निघाला आणि राहूवर धावला. राहूने शिवाचेच पाय धरले, शिवाने अभय दिले. आता तो प्राणी विचारू लागला, मला भूक दिलीस, मग खाऊ काय? शिव म्हणाला, स्वतःलाच खा. तो शेपटीपासून खात सुटला, हातपाय गेले, धड गेले, तोंड तेवढे उरले. प्रसन्न झालेल्या शिवाने त्याला आपल्या दारावर कायमची जागा दिली आणि त्याला न मानणाऱ्याची पूजा मला पावणार नाही, असे सांगितले. कथेत राखणीचे काम कुठे आहे? ज्याच्यापासून राखायचे तो राहू तर मघाशीच सुटून गेला. उरला तो भुकेला जीव, जो मारता येत नाही, सोडूनही देता येत नाही. त्याला दाराशी बसवणे हा शिवाने काढलेला तोडगा आहे. कीर्तिमुखाला खालचा जबडा का नाही, याचाही उलगडा यात होतो: ते तोंड खाऊन खाऊन स्वतःशी येऊन थांबलेले आहे.

पुराणकथा शिल्पानंतर रचली असेल, हा आक्षेप मी मान्य करतो. शिल्पे आधी, त्यांचा अर्थ सांगणाऱ्या कथा मागाहून, असे आपल्याकडे पुष्कळदा झाले आहे. म्हणून कथेवर सगळा भार टाकायला नको. दगडावर कोरलेला आणि सन सांगता येणारा पुरावा पाहावा. त्यासाठी खानदेशच्या मैदानातून सातमाळ्याच्या रांगेवर चढावे लागते.

पाटण्याच्या वर, घाटमाथ्यावर पितळखोरे आहे. तालुका कन्नड, जिल्हा छत्रपती संभाजीनगर. पण लेणी ज्या दरीत आहेत ती खानदेशाच्याच अंगाला उतरते. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातले हे बौद्ध विहार म. न. देशपांडे यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर दरडी उपसून मोकळे केले. चौथ्या लेण्याच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे आणि विहारच जणू त्यांच्या पाठीवर उभा आहे. शेजारी दाराच्या दोन बाजूंना भाला-ढाल घेतलेले, अंगात बाह्यांचा झगा घातलेले दोन द्वारपाल आहेत. माझ्या मते हा सबंध प्रश्नातला सर्वांत बोलका पुरावा आहे. इथे राखणीचे काम माणसांकडे आहे, आणि ते हत्यारबंद आहेत. मग त्याच दर्शनी भागावर पशू कशासाठी? हत्तींकडे नीट पाहिले तर उत्तर मिळते. त्यांच्याबरोबर माहूत आहेत. रानातला हत्ती ज्याने धरला, माणसाळवला, तोच त्याच्यासह कोरला आहे. एक पंचफणी नागही तिथे आहे, आणि त्याच्या फण्यांतून पाणी बाहेर पडण्याची सोय केलेली आहे. विहारात साचलेले पाणी बाहेर काढायला कोणतीही पन्हळ चालली असती. पण जो पाण्याचा धनी समजला जातो त्यालाच पाणी वाहायला लावले. अंगणातल्या ढिगाऱ्यातून निघालेला, गुबगुबीत पोटाचा, हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो कण्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याचे त्याच्या हातावरच कोरलेले आहे. यक्ष म्हणजे झाडा-पाणवठ्यावर राहणारा, रागावला तर झपाटणारा. त्यालाही भिक्खूंनी हाकलले नाही, हसवून घरात घेतले.

अजिंठ्याला हीच गोष्ट लेखासह भेटते. अजिंठाही मराठवाड्यात मोडतो. पण जगभरातून येणारे पुष्कळ लोक उतरतात जळगावला, आणि लेण्यांखालून वाहणारी वाघूर पुढे जळगाव जिल्ह्यात शिरून तापीला मिळते. सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात करवून घेतले. नदीकडून वर येणाऱ्या वाटेवर दाराच्या दोन्ही बाजूंना दोन हत्ती आहेत, गुडघे टेकलेले. पायऱ्या चढून वळले की समोर नागराज बसलेला दिसतो. लेण्याच्या लेखात वराहदेवाने या लेण्याची वैशिष्ट्ये मोजून सांगितली आहेत, आणि त्यांत नागराजाच्या घराचा उल्लेख आहे. पहाऱ्याची चौकी किंवा द्वारपालाची जागा असे तो म्हणत नाही, घर म्हणतो. त्या दरीत, त्या धबधब्याच्या कुंडाशी, बुद्धाच्या आधी कोणाची वस्ती समजली जात होती, हे लेणे खोदवून घेणाऱ्याला माहीत होते. त्याची जागा घेतली, म्हणून त्याला घर बांधून दिले. पलीकडे दुसऱ्या लेण्यात हारीतीचे दालन आहे. ती मुळात लेकरे खाणारी यक्षी. तिच्याशी बुद्धाने केलेला करार असा, की तू मुले खाणे सोड, भिक्खू तुझा अन्नाचा वाटा काढून ठेवतील. हारीती पशू नव्हे, पण दाराशी बसवलेल्या पशूची रीत ती वेगळ्या रूपात सांगते.

त्या दोन हत्तींविषयी आणखी एक साक्ष आहे. सातव्या शतकात आलेला चिनी यात्रेकरू युआन श्वांग महाराष्ट्राच्या वर्णनात डोंगरातल्या एका भव्य विहाराबद्दल लिहितो, आणि त्याच्या दाराबाहेर डाव्या-उजव्या बाजूला असलेल्या दगडी हत्तींची नोंद करतो. हे वर्णन अजिंठ्याचे असावे असे अभ्यासक मानतात. तो पुढे लोकांकडून ऐकलेली गोष्ट देतो: हे हत्ती कधीकधी चीत्कार करतात आणि धरणी हादरते. आता पाहा, हत्ती राखणदार म्हणून प्रसिद्ध असते, तर त्यांनी दरोडेखोर कसे पळवले, पाखंड्याला कसे तुडवले, अशी गोष्ट लोकांनी रचली असती. रचलेली गोष्ट वेगळीच आहे. तिच्यात हत्ती कोणाला अडवत नाहीत. त्यांची ताकद अजून जिवंत आहे, आणि ती गुडघे टेकून बसलेली आहे, एवढेच लोकांना सांगायचे होते.

याला सर्वांत कठीण आक्षेप सिंहाचा आहे. तह शेजाऱ्याशी होतो, आणि सिंह काही खानदेशचा शेजारी नव्हे. इथल्या डोंगरांत वाघ होता, बिबट्या होता, अस्वल होते. देवळात मात्र आयाळवाला सिंह आणि कोणीच न पाहिलेले व्याल. ज्याची भीतीच नाही त्याच्याशी तह कसला? हा आक्षेप मी पूर्णपणे परतवू शकत नाही आणि परतवावा असेही नाही. सिंह राजसत्तेचा. सिंहासन हे त्याचे खरे ठिकाण, आणि देव हा राजा मानला की त्याच्या दाराशी सिंह येणार. महाराष्ट्रातल्या कित्येक किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ दिसतो, पंजांत आणि पायांखाली हत्ती दाबून धरलेला. ते राजकारण आहे. कोण कोणाला चिरडू शकतो याची ती जाहिरात आहे, आणि तिथे राखणदार हा शब्द खुशाल वापरावा. पण हा फरकच माझ्या म्हणण्याला बळ देतो. किल्ल्याच्या दारावर हत्ती चिरडलेला, लेण्याच्या दाराशी तो बसवलेला. व्यालाचे म्हणाल, तर शिल्पशास्त्राने त्याचे सोळा प्रकार मोजले, म. अ. ढाकी यांनी १९६५ साली त्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. इतक्या तोंडांचा हा प्राणी एका रानातला नाही. रानातले जे जे अनोळखी आहे त्याचा तो गोळा आहे, आणि त्यालाही दाराच्या चौकटीत नेमून दिलेल्या पट्टीतच उभे राहावे लागते.

शिल्पशास्त्रात सांगितले म्हणून पाथरवटाने कोरले, त्यात अर्थ कसला शोधायचा, असेही कोणी म्हणेल. खरेच, बळसाण्याच्या कारागिराने प्रत्येक ग्रासमुखापाशी थांबून चिंतन केले नसेल. त्याला थर मोजून मजुरी मिळत असेल. पण शास्त्र वापराला नियमात बांधते. ते वापर नव्याने जन्माला घालत नाही. ग्रासमुख उंबऱ्यावर घ्यावे असे शास्त्र म्हणते तेव्हा त्याआधी कोणाला तरी ते तिथेच हवे होते. आणि दोन हजार वर्षांचे बौद्ध, शैव, रानातले असे सगळे एका दोरीत ओवता येते का, हा प्रश्नही बरोबर आहे. पितळखोऱ्यापासून आजपर्यंत एकच अखंड परंपरा चालत आली, असा माझा दावा नाही. प्रत्येक ठिकाणचा पुरावा त्या त्या ठिकाणचाच आहे: एकीकडे माहूत, एकीकडे कोरलेला लेख, एकीकडे कथा. मुलूख एक होता, रान एक होते, आणि लोकांनी वेगवेगळ्या काळी सारखा तोडगा काढला, एवढेच मला दिसते.

त्या रानाची कल्पना आज भुसावळच्या फलाटावर उभे राहून येणार नाही. इंग्रजांनी १८२५ मध्ये खानदेश भिल्ल पलटण उभारली, तिचे ठाणे धरणगावला होते, आणि तिचा प्रमुख जेम्स औट्रम वाघांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध झाला. म्हणजे अवघ्या दोनशे वर्षांपूर्वी या जिल्ह्यात वाघ ही कारभाराची बाब होती. औट्रमने बंदुकीने जो प्रश्न सोडवला तो डोंगरातल्या लोकांनी वेगळ्या रीतीने हाताळला होता. सातपुड्यात आणि साक्रीच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात भिल्ल, पावरा, कोकणा, मावची या समाजांत वाघदेव आहे. शिवेवर दगड किंवा लाकडाची फळी उभी करतात, तिच्यावर वाघ असतो, बरोबर चंद्र-सूर्य, नाग. आश्विन वद्य द्वादशीला मैदानात गाय-वासराची वसुबारस होते आणि सह्याद्रीच्या कित्येक डोंगरी गावांत त्याच दिवशी वाघबारस. एकाच तिथीला खाल्ली जाणारी आणि खाणारा, दोघांचाही मान. वाघदेवाला लोक गुरांची राखण कर असे विनवतात, मग तो राखणदारच झाला की, असे म्हणता येईल. म्हणावे, पण तो गुरांना कोणापासून राखतो ते विसरू नये. तो त्यांना स्वतःपासून राखतो. राखणीचे काम त्याच्याकडे आले ते तह झाल्यावर. देवळाच्या दारावरच्या पशूला राखणदार म्हणायचेच असेल, तर याच अर्थाने म्हणावे.

नंदीला या यादीतून वगळावे लागते. तो दाराशी असतो, पण त्याचे तोंड आत आणि पाठ आपल्याकडे. कोण आले, कोण गेले याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्या कुणब्याने शिंगांमधून महादेव पाहावा, एवढ्यासाठी तो आपली जागा अडवून बसलेला आहे. तो पहिला भक्त, त्याच्याशी तह करायची गरजच कधी पडली नाही. अडावदजवळच्या उनपदेवाचे गरम पाणी गायीच्या तोंडातून पडते तेही तसेच. जमिनीतून उकळी येणाऱ्या भयावर घरातल्या गायीचे तोंड बसवले, की माणसे तिथे अंघोळीला येतात.

तापी आणि पूर्णा जिथे मिळतात तिथे, मुक्ताईनगर तालुक्यात, योगी चांगदेवांच्या (पाटण्याचा चांगदेव वेगळा) नावाचे जुने हेमाडपंती देऊळ आहे. चांगदेव म्हटले की आपल्याला वाघावर बसून हातात सापाचा आसूड घेतलेले योगी दिसतात, आणि समोरून भिंतीवर बसून येणारी आळंदीची चार भावंडे. चौदाशे वर्षांच्या तपाचा ताठा उतरवणारी ही कथा आहे हे खरे, आणि दगडाची भिंत चालवणारा वाघ हाकणाऱ्याहून मोठा ठरतो हेही खरे. पण कथेत वाघाला कोणी मारत नाही. तो चांगदेवांना आळंदीपर्यंत आणतो. आणि याच तालुक्यात डोलारखेडा परिसरात आज वाघ आहे, केळीच्या बागांत आसरा घेतो, त्याच्यासाठी मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले आहे. केळी राखणारा शेतकरी आणि केळीत बसलेला वाघ यांच्यात वनखाते जे काही जमवू पाहते, त्याला सहजीवन हा नवा शब्द आहे. जुन्या पाथरवटांना तो शब्द ठाऊक नव्हता, पण रानाला किती जागा द्यायची आणि कुठवर, याचा हिशेब त्यांनी दाराच्या चौकटीत मांडून ठेवला होता. तो हिशेब वाचायचा तर दार शाबूत राहायला हवे. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या देवळांना थोडे तरी संरक्षण आहे. गावोगावच्या बाकीच्या जुन्या देवळांत जीर्णोद्धार निघाला की पहिला घाव उंबऱ्यावर पडतो. त्यावर गुळगुळीत फरशी येते, नाहीतर पितळी पत्रा ठोकला जातो, आणि व्यालांना ऑइलपेंट फासला जातो. देवस्थानांच्या विश्वस्तांना एवढीच विनंती आहे, की कळसाला हवा तो रंग द्या, मंडपाला हवे तेवढे पंखे लावा, पण उंबरा झाकू नका. पत्र्याचा खर्चही वाचेल.